हातातील जी. पी. एस. यंत्र आणि नकाशा : मेळ कसा घालावा

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच अतिवृष्टीत पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. महाड शहर त्या वेळी पुराने वेढलेले होते, रस्ते बंद पडले होते आणि दूरध्वनीचा संपर्क तुटला होता. त्यापूर्वी सोळा वर्षे, जुलै २००५ मध्ये, दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते ह्या गावांवर असाच प्रसंग गुदरला होता. आपल्या दोन्ही तालुक्यांतील शेतकरी बंधूंना ह्या घटनांची आठवण करून देण्याची गरज नाही.

अशा वेळी बाहेरून येणाऱ्या मदत-पथकापुढे पहिला प्रश्न असतो तो हा की, जावयाचे कोठे? गावाचे नाव कळले म्हणजे वाडी सापडतेच असे नाही. सुतारवाडी, बौद्धवाडी, कोंड अशी नावे ह्या डोंगरात जागोजाग आहेत. धुक्यात व पावसात ओळखीचा डोंगरही ओळखू येत नाही. म्हणून ठिकाण आकड्यांत सांगता येणे अगत्याचे झाले आहे, आणि त्यासाठी जी. पी. एस. यंत्र हे अत्यंत उपयुक्त साधन होय. परंतु हे साधन व ज्यावर ते ठिकाण पाहावयाचे तो नकाशा, ह्या दोहोंचा मेळ नसेल तर बिनचूक आकडाही पथकास चुकीच्या डोंगरावर नेऊन पोचवितो. हा मेळ कसा घालावा, ह्याची माहिती गावपातळीवरील कार्यकर्ते व शेतकरी यांस व्हावी, एवढाच ह्या लेखाचा उद्देश आहे.

दोन नकाशांच्या शिवेवरील प्रदेश

सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूर व महाडवरून वाहते आणि बाणकोट व हरिहरेश्वर यांच्यामध्ये अरबी समुद्रास मिळते. भरतीचे पाणी खाडीतून पार महाडच्या परिसरापर्यंत चढते. त्यामुळेच एके काळी महाड हे बंदर म्हणून प्रसिद्ध होते व दासगाव येथेही गलबतांची ये-जा असे. आज व्यापार रस्त्याने चालतो. परंतु पूर आला म्हणजे होडीचे महत्त्व पुन्हा वाढते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडनजीक मुंबई-गोवा महामार्गावरील जुना पूल वाहून गेला व एस. टी. च्या दोन गाड्या नदीत गेल्या. त्या वेळी नौदल, तटरक्षक दल व राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल यांना पुलापासून खाली खाडीपर्यंत शोध घ्यावा लागला. २०२१ च्या पुरातही ह्या दलांच्या नावा महाडात आल्या.

समुद्रावर काम करणाऱ्यांची यंत्रे व नकाशे समुद्रासाठी तयार केलेले असतात. आपल्या देशाचे सागरी नकाशे डेहराडून येथील राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय तयार करते. त्यांत पाण्याची खोली, खडक, दीपस्तंभ व नौकामार्ग दाखविलेले असतात. किनाऱ्याच्या आतील भाग बहुधा कोराच असतो. उलटपक्षी, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जमिनीच्या नकाशावर डोंगर, ओढे, वाड्या व पायवाटा दिसतात, पण खाडी ही नुसती निळी पट्टी असते. समुद्राचा नकाशा जेथे संपतो आणि जमिनीचा जेथे सुरू होतो, त्या शिवेवर महाड वसलेले आहे. खाडीतून वर येणारा नावाडी एक नकाशा वापरतो आणि वाडीवर उभा असलेला ग्रामकार्यकर्ता दुसरा. दोघांना एकमेकांचे ठिकाण कळावयाचे असेल तर दोघांचे आकडे एकाच रीतीचे असले पाहिजेत.

यंत्र काय करते

जी. पी. एस. ही अमेरिकेने उभारलेली उपग्रहांची व्यवस्था आहे. तिचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरत असतात व अचूक वेळेचे संकेत सतत पाठवीत असतात. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले म्हणजे यंत्र आपले अक्षांश, रेखांश व उंची यांचे गणित करते. सन २००० पूर्वी सर्वसाधारण लोकांस मिळणाऱ्या संकेतांत मुद्दाम चूक मिसळलेली असे; २ मे २००० पासून ती काढून टाकण्यात आली. तेव्हापासून हातात मावणाऱ्या यंत्रानेही उघड्या माळावर काही मीटरांच्या आत ठिकाण कळू लागले. आपल्या देशाची ‘गगन’ ही व्यवस्था ह्या संकेतांस दुरुस्ती पुरविते. यंत्रात ती घेण्याची सोय असल्यास सुरू ठेवावी.

ह्या यंत्रास मोबाइलच्या मनोऱ्याची गरज नसते, हे विशेष ध्यानात ठेवावे. मनोरे बंद पडले तरी आकाशातील संकेत येतच राहतात. मात्र संकेतांस मोकळे आकाश लागते. अरुंद खोऱ्यात, कड्याच्या पायथ्याशी किंवा दाट झाडीखाली उपग्रह कमी दिसतात व चूक वाढते. फार दिवस बंद असलेल्या यंत्रास उपग्रहांची संपूर्ण सूची नव्याने मिळविण्यास साडेबारा मिनिटे लागू शकतात. तेव्हा यंत्र सुरू करताच दिसलेला पहिला आकडा टिपून घेण्याची घाई करू नये.

पहिला मेळ : आकडे लिहिण्याची रीत

एकच ठिकाण तीन रीतींनी लिहिता येते. महाड शहराच्या परिसरातील एक बिंदू उदाहरणादाखल घेऊ.

पहिली रीत, अंश व त्याचे दशांश : उत्तर १८.०८३०, पूर्व ७३.४२२०.

दुसरी रीत, अंश, मिनिटे व मिनिटाचे दशांश : उत्तर १८ अंश ०४.९८० मिनिटे, पूर्व ७३ अंश २५.३२० मिनिटे.

तिसरी रीत, अंश, मिनिटे व सेकंद : उत्तर १८ अंश ०४ मिनिटे ५८.८ सेकंद, पूर्व ७३ अंश २५ मिनिटे १९.२ सेकंद.

ज्योतिषात ज्यांस कला व विकला म्हणतात, तीच ही मिनिटे व सेकंद होत. तिन्ही आकडे एकाच जागेचे आहेत. मोबाइलवरील नकाशे बहुधा पहिली रीत वापरतात. नावेवरील व हातातील सागरी यंत्रांत दुसरी रीत रूढ आहे. छापील नकाशाच्या कडेस तिसरी रीत आढळते. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र मच्छीमारांसाठी मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची जी माहिती प्रसृत करते, तीतही अक्षांश-रेखांश अंश, मिनिटे व सेकंद ह्या रीतीने दिलेले असतात.

आता समजा, एखाद्या कार्यकर्त्याने मोबाइलवर पाहून दूरध्वनीवरून सांगितले, “अठरा पॉइंट शून्य आठ तीस, त्र्याहत्तर पॉइंट बेचाळीस वीस.” ऐकणाऱ्याने ते १८ अंश ८ मिनिटे ३० सेकंद व ७३ अंश ४२ मिनिटे २० सेकंद असे लिहून घेतले. परिणाम काय होईल? अक्षांशात सुमारे साडेसहा किलोमीटरांची व रेखांशात सुमारे तीस किलोमीटरांची चूक होईल. महाडला निघालेले पथक सह्याद्री ओलांडून भोरच्या बाजूस जाईल. यंत्र बरोबर होते, नकाशा बरोबर होता, सांगणाराही खरेच बोलत होता. चुकली ती केवळ रीत. दुसऱ्या व तिसऱ्या रीतीतील घोटाळा याहून लहान असला तरी फसवा असतो. २५.३२ मिनिटे ही २५ मिनिटे ३२ सेकंद अशी वाचली तर जागा पावणेचारशे मीटरांनी सरकते. डोंगरात एवढ्या अंतरात ओढा ओलांडून दुसरी वाडी लागते.

ह्यासाठी आकडा सांगताना प्रथम रीत सांगावी, मग आकडे सांगावेत आणि ऐकणाऱ्याकडून ते परत वदवून घ्यावेत. आणखी दोन खुणा लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी की, आपल्या भागात ७३ ने सुरू होणारा आकडा रेखांशाचा व १७ किंवा १८ ने सुरू होणारा अक्षांशाचा असतो. काही फाइलींत रेखांश आधी व अक्षांश नंतर लिहिलेला असतो. ही उलटापालट ध्यानात आली नाही, तर आपले गाव नॉर्वे देशाच्या उत्तरेकडील समुद्रात दिसू लागते! दुसरी खूण अशी की, १८ अंशांची अक्षांशरेषा पोलादपूरनजीकून जाते. त्यामुळे महाडकडील आकडे १८ ने, तर पोलादपूर तालुक्याच्या दक्षिण भागातील आकडे १७ ने सुरू होतात. सवयीने सर्वत्र १८ लिहिणाऱ्याची चूक थोडीथोडकी नव्हे, शंभरांहून अधिक किलोमीटरांची होते. सर्वेक्षण विभागाच्या नकाशाचा कागदही ह्याच रेषेवर बदलतो, हे नकाशे मागविताना विसरू नये.

दुसरा मेळ : नकाशाचा पाया

अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी पृथ्वीचा आकार गणिताने ठरवून घ्यावा लागतो. ह्या ठरविलेल्या आकारास व त्याच्या मांडणीस डेटम म्हणतात. आपण त्यास नकाशाचा पाया म्हणू. भारताची त्रिकोणमितीय मोजणी १८०२ मध्ये मद्रासजवळ लॅम्टन यांनी सुरू केली व पुढे एव्हरेस्ट यांनी ती चालविली. एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये पृथ्वीचा जो आकार मांडला, त्यावर आपले जुने नकाशे आधारलेले आहेत. जी. पी. एस. यंत्र मात्र ‘डब्ल्यू. जी. एस. ८४’ हा नवा पाया मानते. दोन्ही पायांवर एकाच दगडाचे आकडे निरनिराळे येतात. आपल्या भागात हा फरक शंभर मीटरांहून अधिक पडतो.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसाधारण वापरासाठी निघालेले सर्वेक्षण विभागाचे नकाशे नव्या पायावर आहेत. तथापि कार्यालयांच्या कपाटांत जुने कागद अद्याप आढळतात. नकाशाच्या तळाशी अथवा समासात पायाचे नाव छापलेले असते. ते प्रथम वाचावे. जुन्या सागरी नकाशांवरही, उपग्रहाने मिळालेले स्थान नकाशावर मांडण्यापूर्वी अमुक इतके सरकवावे, अशी सूचना असते. नावाड्यांनी ती वगळू नये.

यंत्राच्या मांडणीत पायांच्या नावांची लांबलचक यादी असते. तीत ‘इंडियन’ ह्या शब्दाने सुरू होणारी नावे दिसतात. ती पाहून, ही आपल्या देशासाठी असणार, असे समजून निवडू नयेत. यंत्र नेहमी ‘डब्ल्यू. जी. एस. ८४’ वर ठेवावे आणि जुना नकाशा वापरावयाचाच असेल तर त्याचे रूपांतर संगणकावर जाणत्या माणसाकडून करून घ्यावे. काही नकाशांवर अंशांऐवजी मीटरांची जाळी असते. त्यात पूर्वेचा आकडा सहा अंकी व उत्तरेचा सात अंकी येतो. रायगड जिल्हा ह्या जाळीच्या ४३ क्रमांकाच्या पट्ट्यात मोडतो. पट्ट्याचा क्रमांक न सांगता नुसते आकडे सांगणे व्यर्थ होय.

तिसरा मेळ : यंत्र, सॉफ्टवेअर व फाइल

पुष्कळांची अशी समजूत असते की, संगणकावरील सॉफ्टवेअरमध्ये चांगला नकाशा आहे व हातात चांगले यंत्र आहे, तेव्हा तार जोडली की नकाशा यंत्रात उतरेल. प्रत्यक्षात तसे सहसा होत नाही. हातातील यंत्र बहुधा आपल्याच उत्पादकाच्या घडणीचा नकाशा वाचते. सरकारी सागरी नकाशांच्या फाइलींची घडण वेगळी असते, त्यांस परवान्याचे कुलूपही असते. त्या मोठ्या नावांवरील यंत्रांसाठी असतात. एका उत्पादकाचे नकाशाचे कार्ड दुसऱ्याच्या यंत्रात चालत नाही. म्हणून यंत्र विकत घेण्यापूर्वी दुकानदारास तीन प्रश्न अवश्य विचारावेत : ह्यात कोणत्या घडणीचा नकाशा भरता येतो? आपल्या भागाचा तसा नकाशा उपलब्ध आहे काय? नोंदलेले बिंदू संगणकावर कसे उतरवावयाचे?

नकाशा एका यंत्रातून दुसऱ्यात जात नसला तरी बिंदू जाऊ शकतो, आणि आपले काम बिंदूनेच भागते. बिंदू व चाललेला मार्ग यांची देवाणघेवाण करण्यासाठी ‘जी. पी. एक्स.’ ही फाइलींची घडण २००२ पासून प्रचारात आहे. जवळजवळ सर्व यंत्रे व सॉफ्टवेअरे ती वाचतात. ‘क्यू-जी. आय. एस.’ हे जमिनीच्या नकाशांचे व ‘ओपन सी. पी. एन.’ हे सागरी नकाशांचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते व दोन्हींत ह्या घडणीचे बिंदू उघडतात. एका घडणीचे दुसरीत रूपांतर करण्यासाठी ‘जी. पी. एस. बेबल’ हे विनामूल्य साधन आहे. वाडीचे, विहिरीचे किंवा होडी लावण्याच्या जागेचे बिंदू ह्या एका घडणीत ठेवले, तर तेच बिंदू तहसील कार्यालयातील संगणकावर, मोबाइलवर आणि नावेच्या यंत्रावर दाखविता येतात.

यंत्र व संगणक यांच्या जोडणीतही अडचणी येतात. जुन्या यंत्रांची तार संगणकाच्या नऊ पिनांच्या खोबणीत बसत असे. नव्या संगणकांस ती खोबण नसते, म्हणून जोडतार घ्यावी लागते व तिचे सॉफ्टवेअर संगणकात आधी भरावे लागते. यंत्राने आपले स्थान सतत संगणकास कळवावे, ह्यासाठी ‘एन. एम. ई. ए. ०१८३’ ही मुळात नावांसाठी ठरविलेली पद्धती वापरतात. त्या पद्धतीचा नेहमीचा वेग ४८०० असतो. यंत्रात एक वेग व संगणकात दुसरा ठेवल्यास तार चांगली असूनही पडद्यावर काहीच येत नाही. मग यंत्र बिघडले असे म्हणून ते कपाटात जाते. यंत्र दुरुस्तीस देण्यापूर्वी जोडणीची खोबण, पद्धती व वेग ही तिन्ही दोन्ही टोकांस सारखी आहेत की नाहीत, हे पाहावे. ह्या पद्धतीत अक्षांश ‘१८०४.९८०’ असा सलग लिहिला जातो. तो १८०४ अंश नव्हे, तर १८ अंश ०४.९८० मिनिटे असा वाचावयाचा असतो.

जुन्या यंत्रांत देवनागरी अक्षरे उमटत नाहीत व बिंदूच्या नावास मोजकीच रोमन अक्षरे मिळतात. आयत्या वेळी सुचलेली त्रोटक नावे महिन्याभरात आपली आपल्यालाच कळेनाशी होतात. ह्यावर उपाय सोपा आहे. यंत्रात बिंदूस क्रमांक द्यावा आणि एका वहीत त्या क्रमांकासमोर वाडीचे संपूर्ण नाव, महसुली गाव, आकडे, रीत व तारीख देवनागरीत लिहावी. यंत्र पाण्यात गेले तरी वही राहते.

उंची व खोली यांविषयी सावधगिरी

यंत्र उंचीही दाखविते, परंतु ती आडव्या स्थानाइतकी भरवशाची नसते. शिवाय उपग्रहांच्या गणितातील उंची व समुद्रसपाटीपासूनची उंची ह्या एक नव्हेत. आपल्या भागात त्यांत साठ मीटरांहून अधिक फरक पडतो. काही यंत्रे तो दुरुस्त करून दाखवितात, काही दाखवीत नाहीत. म्हणून पुराची रेषा, बंधाऱ्याची पातळी किंवा चराचा उतार ठरविण्यासाठी हातातील जी. पी. एस. यंत्र कदापि वापरू नये. तेथे पातळीयंत्रच हवे.

खाडीतील खोलीचे आकडे ओहोटीच्या नीच पातळीपासून मोजलेले असतात. जमिनीवरील उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात. हे दोन्ही आकडे एकमेकांत मिळवू नयेत. वाळूचे दांडे दर पावसाळ्यात हलतात, तेव्हा यंत्रावरील नकाशात पाणी खोल दिसले तरी स्थानिक खलाशाचा सल्ला घेतल्यावाचून नाव हाकू नये.

शेताच्या बांधासाठी हे यंत्र नव्हे

शेतकरी बंधूंच्या मनात साहजिकच येते की, ह्या यंत्राने आपल्या खाचराची मोजणीही होईल. येथे स्पष्ट सांगितले पाहिजे की, हातातील यंत्राची चूक काही मीटरांची असते आणि एक गुंठा म्हणजे ३३ फूट, अर्थात सुमारे १० मीटर बाजूचा चौरस. दहा गुंठ्यांच्या चौरस खाचराची बाजू सुमारे ३२ मीटर भरते. यंत्राने प्रत्येक बाजू तीन मीटर अधिक दाखविली, तर दहा गुंठ्यांचे बारा गुंठे होतात. असा कागद घेऊन शेजाऱ्याच्या बांधावर जाणे म्हणजे पिढ्यान्पिढ्यांच्या संबंधांत विनाकारण वितुष्ट आणणे होय. हद्दीच्या प्रश्नासाठी भूमिअभिलेख खात्याकडे रीतसर मोजणीचा अर्ज करावा. त्या खात्याची उपग्रहांवर चालणारी यंत्रे कायमच्या स्थानकांकडून दुरुस्ती घेतात व सेंटीमीटरांपर्यंत अचूक असतात. ती यंत्रे व आपल्या हातातील यंत्र यांची गल्लत करू नये.

जुन्या गावनकाशाचीही एक अडचण आहे. तो साखळीने मोजून तयार केलेला आहे व त्यावर अक्षांश-रेखांश नाहीत. तो जसाच्या तसा यंत्रात भरता येत नाही. तीन गावांच्या शिवा जेथे मिळतात तेथील दगड, जुनी विहीर, देऊळ असे निदान चार ठळक बिंदू जागेवर घेऊन संगणकावर गावनकाशा त्यांवर बसवावा लागतो. चारही बिंदू एकाच कोपऱ्यातले नसावेत; ते गावाच्या चारी दिशांस पसरलेले असावेत. असा बसविलेला नकाशा चर, शेततळे किंवा वृक्षलागवड यांच्या नोंदीस उपयोगी पडतो, पण हद्दीचा पुरावा म्हणून तो चालत नाही.

पावसाळ्यापूर्वीचा कार्यक्रम

ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), कृषी विभागाचे कर्मचारी, पोलीस पाटील व गावातील तरुण मंडळी यांनी मिळून मे महिन्यात पुढील कामे उरकून घ्यावीत.

१. तालुक्यातील सर्वांनी एकच रीत ठरवावी. मोबाइलवरील नकाशे सर्वत्र झाल्यामुळे अंश व दशांश ही रीत सोयीची पडते. नावाड्यांसाठी तोच बिंदू अंश व मिनिटे ह्या रीतीनेही शेजारी लिहावा.

२. प्रत्येक यंत्राचा पाया ‘डब्ल्यू. जी. एस. ८४’ आहे ना, हे पाहावे. यंत्र दुसऱ्याच्या हातून परत आले म्हणजे ही तपासणी पुन्हा करावी.

३. ओळखीच्या बिंदूवर परीक्षा घ्यावी. महाडात चवदार तळ्याचा एखादा कोपरा, गावात ग्रामपंचायत कार्यालयाची पायरी अशी जागा निवडावी. तेथे निरनिराळ्या दिवशी आकडे घेऊन उपग्रहचित्राच्या नकाशाशी ताडून पाहावेत. फरक दहा-पंधरा मीटरांहून अधिक आल्यास मांडणीत काही तरी चूक आहे असे समजावे.

४. प्रत्येक वाडीचा एक बिंदू, दरडीच्या भीतीने जेथे स्थलांतर करावयाचे त्या जागेचा एक, पिण्याच्या पाण्याच्या उगमाचा एक व खाडीकाठच्या गावांत होडी लावण्याच्या जागेचा एक, असे बिंदू घ्यावेत. प्रत्येक ठिकाणी मोकळ्या जागी निदान पाच मिनिटे थांबावे.

५. बिंदूंची ‘जी. पी. एक्स.’ फाइल तहसील कार्यालयात द्यावी व ती तेथील संगणकावर उघडते हे समक्ष पाहावे. फाइल दिली म्हणजे काम झाले असे नाही, ती समोरच्याच्या नकाशावर योग्य जागी दिसली म्हणजे झाले.

६. आपल्या वाडीचे आकडे मोठ्या अक्षरांत लिहून शाळा, समाजमंदिर व ग्रामपंचायत यांच्या भिंतींवर लावावेत. घाबरलेल्या माणसालाही ते वाचून दाखविता आले पाहिजेत.

७. मोबाइलवरील नकाशा आधीच उतरवून ठेवावा. संपर्क तुटल्यावर स्थान कळते, पण नकाशा न उतरविलेल्यास पडदा कोराच दिसतो. हातातील यंत्रासाठी सेलचा जादा जोड मेणकापडाच्या पिशवीत ठेवावा.

ह्या कामास मोठा खर्च नाही. एक यंत्र अनेक गावांस पुरते आणि यंत्र नसेल तेथे साधा मोबाइल पुष्कळ काम देतो. लागते ती शिस्त. आपल्या वाडवडिलांनी प्रत्येक ओढ्यास, खिंडीस व खडकास नाव दिले, आणि त्या नावांवर आजवर आपला व्यवहार चालला. ती नावे टिकली पाहिजेतच. परंतु मदतीस येणारा परका मनुष्य ती जाणत नाही. त्यास आकडा लागतो, आणि तो आकडा त्याच्या नकाशावर आपल्याच वाडीवर पडावा लागतो. हा मेळ आषाढातील अंधाऱ्या रात्री घालता येत नाही. तो वैशाखाच्या उन्हात, मोकळ्या आकाशाखाली, शांतपणे घालून ठेवावयाचा असतो. ज्या गावांत अद्याप हे काम झालेले नाही, त्यांनी येत्या ग्रामसभेतच ते हाती घ्यावे.